तारीख कोणी निवडली? युनायटेडहेल्थमधील स्टॉक ऑप्शन्सचे प्रकरण

13 ऑक्टोबर 1999 या दिवशी युनायटेडहेल्थ ग्रुप या अमेरिकी आरोग्यविमा कंपनीचा शेअर त्या वर्षातल्या नीचांकावर बंद झाला. कंपनीच्या कागदांवर नेमकी हीच तारीख घालून अध्यक्ष आणि मुख्याधिकारी डॉ. विल्यम मॅग्वायर यांना ऑप्शन्स, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क, दिले गेले. नंतरच्या शेअर विभाजनांचा हिशेब धरला तर त्यांची संख्या 1 कोटी 46 लाख होते. 1997 आणि 2000 सालचे त्यांचे ऑप्शन्सही त्या त्या वर्षाच्या सर्वांत कमी बंद भावाच्या दिवशीचे होते. 2001 सालचे ऑप्शन्स एका मोठ्या घसरणीच्या तळाजवळचे निघाले. वॉल स्ट्रीट जर्नलने मार्च 2006 मध्ये यामागचे गणित मांडले. असा क्रम केवळ योगायोगाने जुळून येण्याची शक्यता 20 कोटींत एक किंवा त्याहूनही कमी होती.

पुढे ज्याला 'बॅकडेटिंग' म्हटले गेले, म्हणजे मागची तारीख टाकणे, त्याचे हे सर्वांत गाजलेल्या उदाहरणांपैकी एक. एका लोभी माणसाची गोष्ट म्हणून ते वाचले तर त्यातले महत्त्वाचे हातातून निसटते. संचालकांना ऑप्शन्स देण्याच्या पद्धतीतच काही दोष आहेत आणि या प्रकरणात ते सगळे एकाच ठिकाणी दिसतात. खोटी तारीख हा त्यातला सर्वांत ठळक दोष आहे, पण सर्वांत खोल नाही.

कंपनी आणि माणूस

युनायटेडहेल्थ ही मिनेसोटा राज्यातल्या मिनेटोंका इथली कंपनी. फुफ्फुसरोगतज्ज्ञ असलेले मॅग्वायर 1988 मध्ये कंपनीत आले आणि 1991 मध्ये मुख्याधिकारी झाले. त्यांच्या काळात कंपनी एका प्रादेशिक विमा व्यवस्थापकापासून 2006 साली सात हजार कोटी डॉलरच्या पुढे महसूल असणारी बलाढ्य संस्था झाली. ही वाढ खरी होती आणि शेअरधारकांनी त्यावर भरपूर कमावले. 2006 च्या सुरुवातीला मॅग्वायर यांच्याकडच्या न वापरलेल्या ऑप्शन्सवरचा कागदी नफा 160 कोटी डॉलरच्या आसपास होता, आणि त्यातला मोठा हिस्सा भाव खरोखर वाढल्यामुळेच होता.

हे आधीच सांगायचे कारण असे की हेराफेरी फक्त बुडत्या कंपनीत होते असा एक समज आहे. इथे कंपनी धावत होती, मुख्याधिकारी कर्तबगार होता, ऑप्शन्सवर एरवीही डोळे दिपवणारी रक्कम मिळालीच असती. तरीही तारखा मागे सरकल्या.

तारखेला इतकी किंमत का

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीत (बहुधा दहा वर्षे) कंपनीचा शेअर घेण्याचा हक्क. हा हक्क टप्प्याटप्प्याने, साधारण चार वर्षांत पक्का होतो; त्याला वेस्टिंग म्हणतात. ठरलेला भाव सहसा ऑप्शन दिल्याच्या दिवशीचा बाजारभाव असतो. त्यामुळे 'कोणत्या दिवशी दिला' या प्रश्नाचे उत्तर हेच 'किती दिले' याचे उत्तर ठरते.

एक काल्पनिक हिशेब घेऊ. संचालकाला 10 लाख ऑप्शन्स द्यायचे समितीने प्रत्यक्षात ठरवले तेव्हा भाव 50 डॉलर होता. कागदावर मात्र दोन महिन्यांपूर्वीची तारीख पडली, जेव्हा भाव 40 होता. पुढे शेअर 60 वर गेला, तर खऱ्या तारखेने संचालकाला 1 कोटी डॉलर मिळाले असते. मागच्या तारखेने 2 कोटी मिळतात. शेअर 60 वर गेलाच नाही, उलट 50 वरून 45 वर उतरला, तर खऱ्या तारखेचा ऑप्शन कुचकामी ठरतो. मागच्या तारखेचा ऑप्शन अजूनही 50 लाख डॉलर देतो. निर्णयाच्या दिवसानंतर शेअरधारकांचे दर शेअरमागे 5 डॉलर गेले आणि संचालकाला त्याबद्दल बक्षीस मिळाले. ऑप्शन वापरताना संचालक कंपनीला 5 कोटींऐवजी 4 कोटीच भरतो. उरलेला 1 कोटी बाकीच्या शेअरधारकांच्या खिशातून जातो, कारण नवे शेअर त्यांचाच वाटा पातळ करून निघालेले असतात.

आता या हिशेबातले खोटे नेमके कुठे आहे ते पाहू. 40 डॉलरचा भाव लावून ऑप्शन द्यायला अमेरिकी कायद्यात सरसकट बंदी नव्हती. कंपनीच्या योजनेत तशी मुभा असेल, सवलत उघडपणे सांगितली असेल, हिशेबात खर्च धरला असेल आणि कर भरला असेल, तर कमी भावाचा ऑप्शन चालू शकत होता. बॅकडेटिंगमध्ये कमी भाव द्यायचा आणि कागदावर मात्र तो 'त्या दिवशीचा बाजारभाव' म्हणून दाखवायचा. शेअरधारकांना सांगितले जायचे की संचालकाला फक्त यापुढच्या वाढीचा लाभ मिळेल. प्रत्यक्षात होऊन गेलेल्या वाढीचा लाभ त्याला आधीच दिलेला असे. प्रोत्साहन भविष्यासाठी असते. दोन महिन्यांपूर्वी झालेल्या वाढीसाठी कोणाला प्रोत्साहन देता येत नाही.

शून्य खर्चाचे आमिष

इतका खटाटोप करण्याचे कारण हिशेबाच्या आणि कराच्या नियमांत होते.

अमेरिकेत 1972 पासून चालत आलेल्या हिशेब नियमानुसार ऑप्शनचा खर्च म्हणजे दिल्याच्या दिवशीचा बाजारभाव वजा ठरलेला भाव. दोन्ही समान असतील तर खर्च शून्य. दहा वर्षांचा, प्रचंड मोलाचा हक्क दिला तरी नफातोटा पत्रकावर एक डॉलरचाही ओरखडा उठत नसे. वरच्या उदाहरणात खरी तारीख धरली तर दर ऑप्शनमागे 10 डॉलर, म्हणजे एकूण 1 कोटी डॉलर खर्च, चार वर्षांत विभागून दरवर्षी 25 लाख दाखवावा लागला असता. मागच्या तारखेने तो नाहीसा होतो आणि नफा तेवढा फुगतो. फुगलेल्या नफ्यावर शेअरचा भाव, भावावर ऑप्शनचे मोल, आणि पुन्हा तेच चक्र.

हा नियम बदलायचा प्रयत्न वेळेत झाला होता. अमेरिकेच्या हिशेब मानक मंडळाने 1993 मध्ये ऑप्शनचे वाजवी मूल्य खर्चात धरण्याचा प्रस्ताव मांडला. उद्योगांनी जोरदार विरोध केला आणि मे 1994 मध्ये सेनेटने 88 विरुद्ध 9 मतांनी प्रस्तावाविरोधात ठराव केला. मंडळाने माघार घेतली आणि 1995 मध्ये खर्च तळटीपेत दाखवण्याची मुभा दिली. तो सक्तीचा व्हायला डिसेंबर 2004 चे मानक यावे लागले. युनायटेडहेल्थमधली दुरुस्त करावी लागलेली वर्षे 1994 ते 2005 अशी आहेत. माघारीची किंमत कुठे मोजली गेली हे या दोन तारखांतून कळते.

कराचे आमिष वेगळे होते. 1993 च्या कायद्याने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या 10 लाख डॉलरवरील पगाराची करवजावट बंद केली, पण 'कामगिरीवर आधारित' मोबदल्याला सूट ठेवली. बाजारभावाने दिलेला ऑप्शन आपोआप कामगिरीवर आधारित मानला जाई, सवलतीचा नाही. म्हणजे भाव समान दाखवला की खर्च शून्य आणि करवजावट पूर्ण. पगारवाढीला लगाम घालण्यासाठी केलेल्या कायद्याने कंपन्यांना ऑप्शन्सकडे ढकलले. 2017 च्या करसुधारणेत ती सूट काढून टाकण्यात आली.

तारीख ठरवण्याचा अधिकार

मॅग्वायर यांच्या 1999 च्या नोकरी करारात एक विलक्षण कलम होते. आपल्या ऑप्शनचा दिवस त्यांनी स्वतः निवडायचा आणि मोबदला समितीच्या अध्यक्षाला तोंडी कळवायचे. तोंडी! म्हणजे निवड खरोखर कधी झाली याचा त्या दिवशीचा कागद तयारच होणार नाही. मोबदल्याच्या कराराचे बारकाईने वाचन करणाऱ्या कोणालाही इथेच थांबावेसे वाटायला हवे होते. ज्याला बक्षीस मिळणार तोच बक्षिसाची किंमत ठरवणारा आकडा निवडतो आणि त्याचा पुरावा दोघांच्या संभाषणापुरता असतो. असा करार असेल तर फसवणुकीसाठी वेगळा कट रचायची गरज राहत नाही.

मोबदला समितीतले एक संचालक विल्यम स्पीअर्स हे मॅग्वायर यांची वैयक्तिक गुंतवणूक सांभाळत होते, त्यांच्या मुलांच्या ट्रस्टचे विश्वस्त होते आणि मॅग्वायर यांनी त्यांच्या संस्थेत पैसेही गुंतवले होते. हे संबंध मंडळाला नीट सांगितलेले नव्हते, असे विल्मरहेल या विधिसंस्थेच्या ऑक्टोबर 2006 च्या चौकशी अहवालात नमूद झाले. बाहेरच्या संचालकांनाही मोबदल्यात ऑप्शन्स मिळत होते. हा दुसरा दोष तारखेपेक्षा जास्त टिकाऊ आहे. मुख्याधिकाऱ्यावर नजर ठेवायला बसवलेल्या माणसाच्या खिशातही तेच कागद असतील, तर भाव वर जातोय तोपर्यंत अडचणीचा प्रश्न विचारण्यात त्याचेही नुकसान असते.

मागची तारीख टाकणे इतकी वर्षे खपले त्याचे कारण रुक्ष आहे. ऑप्शन मिळाल्याची माहिती वरिष्ठ अधिकाऱ्यांनी आर्थिक वर्ष संपल्यानंतर 45 दिवसांत दिली तरी चालत असे. जानेवारीतल्या ऑप्शनची नोंद पुढच्या फेब्रुवारीत आली तरी नियमभंग नव्हता. तेवढ्या अवधीत मागे वळून तळ शोधणे सोपे. 29 ऑगस्ट 2002 पासून सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने ही मुदत कामकाजाच्या दोन दिवसांवर आणली.

उघडकीस कसे आले

लेखापरीक्षकांनी हे पकडले नाही, संचालक मंडळानेही नाही. आयोवा विद्यापीठातले वित्तविषयाचे प्राध्यापक एरिक ली यांनी हजारो ऑप्शन्सच्या तारखा आणि शेअरचे भाव शेजारी ठेवले. ऑप्शनच्या तारखेआधी भाव सरासरीने घसरलेला आणि तारखेपासून चढत गेलेला, असे चित्र त्यांना दिसले. अधिकाऱ्यांना चांगली बातमी आधी कळते, म्हणून ते योग्य वेळ साधतात, असे एक स्पष्टीकरण आधीपासून दिले जात होते. पण पूर्ण बाजारच ज्या दिवसानंतर वर गेला तेही दिवस नेमके साधलेले होते, आणि पूर्ण बाजाराची चाल कोणत्याही मुख्याधिकाऱ्याला आधी कळत नाही. तारखा मागाहून निवडल्या गेल्या, हाच अर्थ उरला. त्यांचा निबंध 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. 2002 च्या नियमानंतर हा आकार बराच पुसट झाला, आणि वेळेत नोंद केलेल्या ऑप्शन्समध्ये तर जवळजवळ नाहीसा झाला, हेही पुढच्या अभ्यासात दिसले.

ही तपासणी कोणालाही करता येते. गेल्या आठ-दहा ऑप्शन्सच्या तारखा घ्या, प्रत्येक तारखेच्या आधीचे आणि नंतरचे तीस दिवस पाहा, त्या महिन्यात तो भाव खालून कितवा होता ते मांडा. एखादा तळ दैवाने सापडतो. ओळीने चार सापडले तर कागदपत्रे मागायची वेळ आली असे समजावे.

काय भरावे लागले

15 ऑक्टोबर 2006 रोजी मॅग्वायर पायउतार होणार असल्याचे जाहीर झाले. 1994 ते 2002 मधल्या संशयास्पद ऑप्शन्सचा ठरलेला भाव त्या त्या वर्षाच्या सर्वोच्च भावावर नेण्याचे त्यांनी आणि त्यांचे उत्तराधिकारी स्टीफन हेम्स्ली यांनी मान्य केले. नीचांकाच्या जागी उच्चांक, हा उपाय साधा आणि न्याय्य होता. कंपनीने जुने हिशेब दुरुस्त केले तेव्हा करपूर्व खर्च 152.6 कोटी डॉलरनी कमी दाखवला गेल्याचे निघाले. त्यात फक्त मुख्याधिकाऱ्याचे नाही, सामान्य कर्मचाऱ्यांचेही ऑप्शन्स होते. एकदा सवय लागली की ती वरच्या मजल्यावर थांबत नाही.

डिसेंबर 2007 मध्ये अमेरिकी रोखे आयोगाशी मॅग्वायर यांची तडजोड झाली. आरोप मान्य वा अमान्य न करता त्यांनी एकूण सुमारे 46.8 कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. त्यात 1.1 कोटी गैरलाभ, 17 लाख व्याज, 70 लाख दंड आणि 2003 ते 2006 मधला सुमारे 44.8 कोटींचा प्रोत्साहनपर मोबदला परत करणे आले. दहा वर्षे कोणत्याही नोंदणीकृत कंपनीत संचालक वा अधिकारी होण्यास बंदीही आली. सार्बेन्स-ऑक्सली कायद्याच्या मोबदला-वसुली कलमाखाली एखाद्या व्यक्तीशी झालेली ती पहिली तडजोड होती. 2008 मध्ये शेअरधारकांच्या दाव्यात कंपनीने 89.5 कोटी डॉलर दिले आणि मॅग्वायर यांनी 3 कोटी डॉलर देऊन आणखी 36.75 लाख ऑप्शन्स सोडले. फौजदारी खटला त्यांच्यावर झाला नाही.

89.5 कोटींच्या आकड्याकडे थोडे थांबून पाहायला हवे. हे पैसे कंपनीचे, म्हणजे चालू शेअरधारकांचे. ज्यांचा वाटा पातळ झाला त्यांनाच, एका खिशातून दुसऱ्या खिशात, भरपाई द्यावी लागली. आणि 2007 च्या तडजोडीनंतरही मॅग्वायर यांच्याकडे, त्या वेळच्या भावाने, 80 कोटी डॉलरहून अधिक मोलाचे ऑप्शन्स उरले होते.

तारीख खरी असती तर

समजा प्रत्येक तारीख खरी होती. तरीही काही दोष जागच्या जागी राहतात.

पहिला लाभांशाचा. ऑप्शनधारकाला लाभांश मिळत नाही, आणि लाभांश दिला की शेअरचा भाव साधारण तेवढा उतरतो. म्हणजे प्रत्येक लाभांश ऑप्शनधारकाच्या हक्काचे मोल कमी करतो. शेअर पुनर्खरेदी, म्हणजे कंपनीने बाजारातून स्वतःचेच शेअर विकत घेणे, मात्र त्याला मानवते, कारण पैसे बाहेर जातात तसे शेअरही कमी होतात आणि दर शेअरचा भाव टिकतो. युनायटेडहेल्थ 2006 ते 2009 या काळात वर्षाला शेअरमागे फक्त 3 सेंट लाभांश देत होती आणि त्याच सुमारास पुनर्खरेदीवर अब्जावधी डॉलर खर्च करत होती. तिथला लाभांश ऑप्शन्समुळेच इतका कमी होता असे सिद्ध झालेले नाही. पण ज्या मंडळाची संपत्ती ऑप्शन्समध्ये आहे, त्याच्याकडून लाभांश धोरणाचा निःपक्ष निर्णय अपेक्षिणे फार आहे. पुनर्खरेदीचा मोठा हिस्सा ऑप्शन्समुळे वाढलेले शेअर आवरण्यातच जातो, आणि तो खर्च मोबदल्याच्या रकान्यात कधीच दिसत नाही.

दुसरा दोष एकतर्फीपणाचा. भाव 50 वरून 80 वर गेला तर संचालकाला 30 मिळतात. 20 वर आला तर त्याचे काहीच जात नाही, शेअरधारकाचे 30 जातात. धोका वाढला की ऑप्शनचे मोल वाढते, कारण वरचे टोक त्याचे आणि खालचे टोक दुसऱ्याचे. मोठे कर्ज काढून महाग अधिग्रहण करण्याचा मोह अशा मोबदल्यातून येतो. आणि भाव ठरलेल्या किमतीच्या फार खाली गेला की तेच प्रोत्साहन मरते. मग मंडळावर जुने ऑप्शन्स रद्द करून कमी भावाचे नवे देण्याचा दबाव येतो. तसे केले की 'धोका तुम्हीही घेताय' हे मूळ विधानच खोटे पडते.

तिसरा, बाजाराच्या भरतीचा. व्याजदर उतरले, सगळेच शेअर वर गेले, तर सामान्य संचालकही श्रीमंत होतो. ठरलेला भाव त्या क्षेत्राच्या निर्देशांकाशी जोडला तर हे टळते, पण जुन्या नियमात तशा ऑप्शनला खर्च धरावा लागे आणि साध्या ऑप्शनला नाही. म्हणून चांगली रचना महाग दिसत राहिली आणि वाईट रचना फुकट.

भारतातल्या वाचकासाठी

आपल्याकडे चित्र काही बाबतीत बरे आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 149(9) नुसार स्वतंत्र संचालकाला स्टॉक ऑप्शन देता येत नाही. नजर ठेवणाऱ्या संचालकांनाही ऑप्शन्स मिळण्याचा युनायटेडहेल्थमधला दोष इथे स्वतंत्र संचालकांपुरता कायद्यानेच बंद केला आहे. सेबीच्या 2021 च्या नियमांनुसार प्रवर्तक आणि 10 टक्क्यांहून अधिक शेअर असलेला संचालकही ईसॉपला (कर्मचाऱ्यांसाठीच्या स्टॉक ऑप्शन योजनेला) पात्र नाही, योजनेला विशेष ठराव लागतो, आणि ऑप्शन दिल्यापासून तो पक्का होईपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते. एखाद्याला वर्षभरात भांडवलाच्या 1 टक्का वा अधिक ऑप्शन्स द्यायचे तर शेअरधारकांची वेगळी मंजुरी लागते.

मात्र ठरलेला भाव किती ठेवायचा याला मोकळीक आहे. हिशेब मानक पाळले की 1 रुपया दर्शनी किमतीचा शेअर 1 रुपयालाच देता येतो. त्यामुळे इथे तारीख मागे नेण्याची गरज कमी, पण संचालकाला मिळालेली रक्कम बाजारभावाशी फारशी बांधलेलीही नाही. शेअर निम्मा झाला तरी असा ऑप्शन भरघोस देतो. म्हणून वार्षिक अहवालात पूर्णवेळ संचालकांचा पगार वाचून थांबू नये. ईसॉपच्या परिशिष्टात दिलेला ठरलेला भाव, वाजवी मूल्य आणि मुदत पाहावी. ऑप्शन पक्का होण्याला फक्त नोकरीत टिकण्याची अट आहे की नफा, भांडवलावरील परतावा यांचीही, हे शोधावे. ऑप्शन दिल्याची तारीख तिमाही निकालाच्या किती दिवस आधीची आहे तेही तपासावे. चांगले निकाल जाहीर होण्याच्या आठवडाभर आधी ऑप्शन दिला तर तारीख खरी असूनही परिणाम बॅकडेटिंगच्या जवळ जातो. यावर सोपा तोडगा आहे. वार्षिक ऑप्शन्सचा दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून जाहीर करायचा, उदाहरणार्थ वार्षिक निकालानंतरचा तिसरा कामकाजाचा दिवस, आणि समितीचा ठराव, संख्या आणि नावे त्याच दिवशी इतिवृत्तात बांधून टाकायची. असे ठरवलेले नसेल तर वार्षिक सभेत तेवढाच एक प्रश्न विचारावा: ऑप्शनचा दिवस कोणी निवडला, आणि ते लिहिलेला कागद कोणत्या तारखेचा आहे?